न रडणाऱ्या बाळाचं दुखणं

28 आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाची टाच रक्ताच्या तपासणीसाठी टोचली, तर ते टाहो फोडेलच असं नाही. कपाळावर बारीक आठी पडते, डोळे घट्ट मिटतात, हाताची बोटं फाकतात. शेजारच्या मॉनिटरवर ठोके चढतात आणि ऑक्सिजनचा आकडा घसरतो. श्वासाची नळी घातलेली असेल, तर आवाज फुटण्याचा प्रश्नच नाही. अशा बाळांची वेदना मोजण्याच्या 'पिप' पद्धतीत म्हणूनच एक सोय आहे: बाळ जितक्या लवकर जन्मलेलं, तितके वेदनेचे गुण त्याला जास्त. प्रतिक्रिया क्षीण म्हणून वेदनाही क्षीण, असं धरायचं नाही.

उलट त्याला जास्तच दुखत असावं. वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या वाटा आधी तयार होतात. तो निरोप वाटेतच मंद करणारी, मेंदूकडून खाली येणारी यंत्रणा मागाहून येते. हे वैद्यकाला उशिराच पटलं. 1980च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर अगदी जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. 1987मध्ये बालरोगतज्ज्ञ कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पुरेशी भूल दिल्यावर अकाली जन्मलेल्या बाळांच्या शरीरावरचा शस्त्रक्रियेचा ताण कमी होतो. तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं.

शस्त्रक्रिया मात्र एखादीच. रोजचं टोचणं, नळ्या घालणं, चिकटपट्ट्या ओढून काढणं यांचं काय? पॅरिस परिसरातल्या 430 नवजात बाळांच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अतिदक्षता विभागातल्या एका बाळाच्या वाट्याला दिवसाला साधारण 10 वेदनादायक प्रक्रिया आल्या होत्या. दर वेळी मॉर्फिन देता येत नाही. त्याने श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो.

मग हात कामाला येतात. गर्भाशयात बाळ मुटकुळं करून असतं, कुठेही हात-पाय ताणला तरी भिंत लागते. काचेच्या पेटीत ती भिंतच नाही. म्हणून टोचताना दुसऱ्या कुणीतरी एक तळहात बाळाच्या डोक्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या तळहाताने दुमडलेले पाय पोटाशी धरायचे. थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही, नुसता स्थिर आधार द्यायचा. फार कोवळ्या बाळाला हलकं चोळणंही सोसत नाही.

बाळाची प्रकृती स्थिर असेल तर आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवणं हा माझ्या मते सगळ्यांत सरस उपाय. 1970च्या दशकाच्या अखेरीस बोगोटातल्या डॉक्टरांनी बाळांना ऊब मिळावी म्हणून ही कांगारू पद्धत सुरू केली. ती वेदनेवरही चालते हे पुढे कळलं. टोचण्याआधी निदान 15 मिनिटं बाळ छातीवर विसावलेलं असावं. स्तनपान करू शकणाऱ्या बाळाला त्याच वेळी अंगावर घेतलं, तर ऊब, चव आणि चोखणं हे सगळं एकदमच मिळतं. नुसती चोखणीही उपयोगी पडते, पण चोखणं चालू असेपर्यंतच.

साखरेच्या पाण्याची गोष्ट गमतीची आहे. टोचण्याच्या दोनेक मिनिटं आधी जिभेवर काही थेंब दिले, की चेहऱ्यावरच्या वेदनेच्या खुणा कमी होतात. तेच पाणी नळीतून थेट पोटात सोडलं तर काही फरक पडत नाही. म्हणजे काम करते ती चव. पण 2010मध्ये पूर्ण दिवसांच्या बाळांच्या मेंदूतले विद्युत संकेत नोंदवले, तेव्हा साखर मिळालेल्यांचा चेहरा शांत होता, मेंदूतला वेदनेचा संकेत मात्र तेवढाच होता. म्हणून एकट्या साखरेवर विसंबणं मला पटत नाही. हे थेंब डॉक्टरांनी ठरवून, मोजूनच द्यायचे असतात. आणि मोठ्या प्रक्रियेत यातलं काहीही औषधाची जागा घेत नाही.

अडचण असते ती माणसांची. एकटी सिस्टर टाच टोचेल की बाळाला धरेल? हा दुसरा माणूस आई किंवा बाबा होऊ शकतात, पण अनेकदा नेमकं त्याच वेळी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं जातं. आत असलात तर एवढं पाहा: सुई निघाली, कापूस दाबून झाला, तरी हात लगेच काढायचा नाही. मॉनिटरवरचे ठोके पूर्वपदावर येईपर्यंत तसाच राहू द्यायचा.