विकतचा फोटो की स्वतःचं शूट: हरवलेल्या नोंदवहीची पार्श्वभूमी

वेबसाइट नवी करायची असते, ब्रोशर छापायचं असतं, बजेट बेताचं असतं. मग तोच प्रश्न येतो: आधीच काढून विक्रीला ठेवलेले तयार स्टॉक फोटो घ्यायचे की फोटोग्राफर बोलवून शूट करायचं? बहुतेक ठिकाणी हिशेब पैशांचाच मांडला जातो. त्यात एक प्रश्न राहून जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे: हा फोटो आपल्याशिवाय आणखी कोणाकडे असेल? एके काळी विक्रेत्याकडे याचं लेखी उत्तर मिळायचं. ते मिळेनासं कसं झालं, हे समजलं की आजची निवडही सोपी होते.

छायाचित्र थेट छपाईत उतरवणारं हाफटोन तंत्र १८८० च्या सुमारास वृत्तपत्रांत आलं. जाहिरातींत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं रेखाचित्रांचंच राज्य होतं. १९२० च्या दशकात ते बदललं. १९२२ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर पॉल आउटरब्रिज यांनी एका कॉलर बनवणाऱ्या कंपनीसाठी बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर ठेवलेल्या साध्या पांढऱ्या कॉलरचा फोटो काढला. तो आज कलासंग्रहालयांत आहे. पुढच्याच वर्षी नामवंत फोटोग्राफर एडवर्ड स्टायकेन यांनी जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेसाठी काम सुरू केलं. त्या काळी व्यवसायाला फोटो हवा असेल तर तो काढून घ्यावा लागे, दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच.

तयार फोटोंचा साठा आधी वृत्तपत्रं, मासिकं आणि पुस्तकांसाठी उभा राहिला. नाझी जर्मनीतून १९३५ मध्ये चित्रांनी भरलेल्या पेट्या घेऊन निसटलेले ओटो बेटमन यांनी न्यूयॉर्कमध्ये बेटमन आर्काइव्ह सुरू केलं. अशा संग्रहांतून लोक जुना प्रसंग, गाजलेली व्यक्ती, एखादं ऐतिहासिक दृश्य मागत. 'हसतमुख कुटुंब' किंवा 'मीटिंगमधले चार सहकारी' असलं काही तिथे कोणी शोधत नसे.

ती मागणी १९७० च्या दशकात वाढली आणि तिला माल पुरवायला एका कायद्याची मदत झाली. अमेरिकेचा १९७६ चा कॉपीराइट कायदा १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. स्वतंत्र फोटोग्राफरने काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा लेखी करार नसेल तर, त्याच्याकडेच राहील, हे त्याने पक्कं केलं. एखाद्या शूटमध्ये शंभर फ्रेम निघाल्या आणि क्लायंटने दोन वापरल्या, तर उरलेल्या अठ्ठ्याण्णव आता फोटोग्राफरची मिळकत ठरू शकत होत्या. त्या फ्रेम तो फोटो विकणाऱ्या एजन्सींकडे ठेवू लागला. १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'द इमेज बँक'सारख्या एजन्सींना अशा दर्जेदार मालाचा मोठा आधार मिळाला. स्टॉक म्हणजे हलका माल, असा समज आज आहे. सुरुवातीला त्यातला बराच भाग उत्तम शूटमधून उरलेला होता.

व्यवहार कसा चाले, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. एजन्सीचा जाडजूड रंगीत कॅटलॉग जाहिरात संस्थांच्या कपाटात असे. आर्ट डायरेक्टर नंबर सांगे, कुरिअरने ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शक रंगीत फिल्मवरचे फोटो येत, खालून उजेड देणाऱ्या लाइट टेबलवर भिंग लावून निवड होई, बाकीच्या मोजून परत जात. अमेरिकेत एक मूळ ट्रान्सपरन्सी हरवली तर १५०० डॉलर भरपाई हा धंद्यातला रूढ आकडा होता. दर ठरे तो वापरावर: किती प्रती छापणार, पान कुठलं, आकार केवढा, किती महिने, कोणत्या देशांत, कोणत्या उद्योगासाठी. हा राइट्स-मॅनेज्ड पद्धतीचा व्यवहार. त्यात प्रत्येक विक्रीची नोंद राही. त्यामुळे एखाद्या बँकेने फोटो मागितला, तर दुसऱ्या बँकेने तो आधी वापरलाय का, हे एजन्सी नोंदी पाहून सांगू शके. जास्त पैसे मोजले तर ठरावीक काळ तो इतर कोणालाही न देण्याची हमी मिळे. फोटो विकतचा असूनही, तेवढ्या मुदतीपुरता तुमचाच.

या मार्गाने काय साधता येतं, याचं सर्वांनी पाहिलेलं उदाहरण म्हणजे हिरव्या टेकडीवरचं निळं आकाश. चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला तो फोटो एजन्सीच्या साठ्यात पडून होता. मायक्रोसॉफ्टने त्याचे हक्क विकत घेतले आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीच्या पडद्यावर तो जगभर पोचला. स्टॉकमधून आलेला फोटो एका उत्पादनाची ओळख झाला, कारण कंपनीने हक्क स्वतःकडे घेतले.

बहुतेकांनी मात्र उलटी वाट धरली. १९९१ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये सुरू झालेल्या फोटोडिस्कने सीडीवर फोटोंचे संच विकायला घेतले. एकदा पैसे द्या, हवं तितक्यांदा वापरा, असा रॉयल्टी-फ्री व्यवहार. लहान व्यवसायांना हे वरदानच वाटलं आणि ते खोटं नव्हतं. पण सीडी हजारो कार्यालयांत गेली की कोणता फोटो कोणी कुठे लावला, याची नोंद ठेवणार कोण? एजन्सीची ती नोंदवही तिथे बंद पडायला लागली. २००० मध्ये ब्रूस लिव्हिंगस्टन यांचं आयस्टॉकफोटो आलं, २००३ मध्ये जॉन ओरिंजर यांचं शटरस्टॉक. हौशी फोटोग्राफरही विक्रेते झाले आणि भाव एखाद्या डॉलरवर, कधी त्याच्याही खाली आले. २०१३ मध्ये अनस्प्लॅश या वेबसाइटने तर फोटो फुकटच दिले.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. २००४ मध्ये शाळा-कॉलेजं सुरू होण्याच्या हंगामात डेल आणि गेटवे या दोन प्रतिस्पर्धी संगणक कंपन्यांच्या जाहिरातींत एकच विद्यार्थिनी झळकली. दोन्ही फोटो एकाच जुन्या स्टॉक शूटमधले होते. कायदा कोणीच मोडला नव्हता, तरी तिच्या चेहऱ्याने दोघांपैकी कोणाचीच ओळख राहिली नाही.

२००७ मध्ये दुसरी उणीव उघडी पडली. व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियातल्या जाहिरात मोहिमेत फ्लिकर या फोटो शेअर करण्याच्या वेबसाइटवरचा अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलीचा फोटो वापरला गेला. फोटोग्राफरने क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली व्यावसायिक वापराला मुभा दिली होती. मुलीची परवानगी मात्र कोणी घेतलेली नव्हती. कुटुंबाने टेक्सासमध्ये दावा लावला. तिथल्या न्यायालयाला या कंपनीवर अधिकारक्षेत्र नाही, म्हणून तो फेटाळला गेला. फोटो वापरण्याचा हक्क आणि त्यातल्या माणसाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही संमती म्हणजेच मॉडेल रिलीज. नावाजलेल्या स्टॉक संस्था जाहिरातीसाठीच्या फोटोंना ती आधीच घेऊन ठेवतात. हा त्यांचा मोठा गुण मला मान्य करावाच लागतो. घाईघाईत कर्मचाऱ्यांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकणाऱ्या कितीतरी व्यवसायांकडे तसा कागद नसतो.

२०१० मध्ये वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक याकब नीलसन यांनी वाचकांची नजर पडद्यावर कुठे जाते, याच्या चाचण्यांवर लिहिलं. नुसते सजावटीचे, गुळगुळीत चेहऱ्यांचे फोटो लोक ओलांडून जातात, पण कंपनीत खरोखर काम करणाऱ्या माणसांचे आणि खऱ्या वस्तूंचे फोटो थांबून पाहतात, असं त्यांना आढळलं. म्हणून माझं मत ठाम आहे: माणसं, जागा आणि तुम्ही बनवता ती वस्तू यांच्यासाठी शूटच करावं. तिथे फोटो साक्षीदार असतो आणि उसना साक्षीदार चालत नाही. लेखाच्या डोक्यावरचं आकाश किंवा पार्श्वभूमीचा पोत विकतचा घेतला तर काही बिघडत नाही.

शूट केलं म्हणजे सगळं आपलं झालं, असंही नाही. वर सांगितलेला १९७८ चा बदल इथेही लागू पडतो: अमेरिकेत कराराशिवाय हक्क फोटोग्राफरकडेच राहतात, इतर देशांत नियम निराळे आहेत. वापराची मुदत, माध्यमं आणि तोच फोटो पुढे दुसऱ्याला विकता येईल का, हे शूटआधी लिहून घ्यावं लागतं. जुनी एजन्सी जी वही सांभाळायची, ती आता तुमच्या करारात असावी लागते. कारण बाजारातून ती जवळपास गेलीच आहे. गेटी इमेजेस या मोठ्या स्टॉक संस्थेने २०१९ च्या अखेरीस, आपल्या व्यावसायिक वापराच्या संग्रहातली राइट्स-मॅनेज्ड विक्री गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर २०२२ पासून शब्द टाइप करून चित्र बनवणारी एआय साधनं सर्वांच्या हाती आली. पैसा वाचतो, चित्रही नवं असतं, म्हणून हा तिसरा पर्याय अनेकांना शूटच्या जवळचा वाटतो. पण अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केलं की माणसाच्या सर्जनाशिवाय यंत्राने तयार केलेल्या भागाला कॉपीराइट मिळत नाही. म्हणजे असं निव्वळ यंत्राचं चित्र प्रतिस्पर्ध्याने तुमच्या वेबसाइटवरून उचलून स्वतःच्या जाहिरातीत लावलं, तर निदान अमेरिकेत कॉपीराइटच्या आधारे त्याला अडवता येणार नाही.