लायडन चीज

लायडन चीज : नेदरलँड्सच्या दक्षिण हॉलंड प्रांतातील लायडन शहराच्या परिसरात गाईच्या दुधापासून करतात ते जिरे घातलेले टणक चीज. हा लोणी-व्यवसायाचा जोडधंदा होय. साय लोण्यासाठी काढली जाई व उरलेल्या दुधाचे चीज होई. त्यामुळे गौडा या डच चिजाच्या मानाने त्यात स्निग्धांश कमी (कोरड्या घटकांच्या सु. ३० ते ४० टक्के) असतो. ते कोरडे, काहीसे तिखटसर लागते आणि बराच काळ टिकते.

जिरे केव्हापासून घालू लागले, याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात त्याचे श्रेय डच ईस्ट इंडिया कंपनीस (स्थापना १६०२) दिले जाते. हे मत जपूनच स्वीकारावे लागते. कंपनीचा भर मिरी, लवंग, जायफळ व दालचिनी यांवर होता. जिरे मूळचे पूर्व भूमध्य प्रदेश व पश्चिम आशियातील असून यूरोपात ते रोमन काळापासून माहीत होते. त्यासाठी पूर्वेकडील गलबतांची वाट पाहण्याचे कारण नव्हते. वेंगुर्ल्याच्या डच वखारीवरून कोकणाशी नाते जोडण्याचा मोहही म्हणूनच आवरावा. नेदरलँड्सच्याच फ्रीझलँड प्रांतातील लवंगयुक्त चिजाबाबत कंपनीचा दाखला अधिक पटतो. साय काढलेल्या दुधाच्या सपक चिजाला चव आणण्यासाठी जिरे आले असावे, हे स्पष्टीकरण सरळ वाटते.

रेनेट या दूध साकळविणाऱ्या पदार्थाने दूध घट्ट करून मिळालेल्या साक्यात (गोठलेल्या भागात) जिरे मिसळतात. साच्यात खाली व वर बिनजिऱ्याचा थर देण्याची पद्धत असल्याने कापलेल्या फोडीत कडेला पिवळसर पट्टी आणि मध्ये जिऱ्याचे ठिपके दिसतात. शेतावरच्या चिजाची साल शेंद्रीने तांबूस रंगवलेली असून तीवर लायडनच्या मानचिन्हातील फुलीसारख्या ठेवलेल्या दोन चाव्यांचा ठसा असतो. या प्रकारास १९९७ मध्ये यूरोपीय संघाचे संरक्षित मूळस्थान-नामांकन मिळाले.

कोवळ्या चिजाचे पातळ काप राय-पावावर घेतात. मुरलेल्याचे चौकोनी तुकडे करून मोहरीच्या सॉसबरोबर बिअर किंवा येनेव्हर या डच मद्यासोबत देतात. फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढल्यास जिऱ्याचा वास नीट उमलतो. सोबत आंबटगोड सफरचंद चालते. गोड मुरंबे मात्र जिऱ्यावर कुरघोडी करतात.