भिंतीपलीकडचं जोडपं

शेजारच्यांकडे गप्पा मारून नवराबायको निघतात. आपल्या दारापर्यंत फार तर दहा पावलं. त्या दहा पावलांत एक जण सहज म्हणतो, "ती दोघं किती मोकळेपणाने बोलतात ना एकमेकांशी!" कुलूप उघडेपर्यंत दुसऱ्याचा चेहरा उतरलेला असतो. वाक्यात तक्रार कुठेच नव्हती. मग लागलं काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वसाहत बांधली होती. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कोणाची मैत्री कोणाशी जमते याचा अभ्यास केला आणि 1950 मध्ये तो प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावर लागून असलेल्या दारांपैकी 41 टक्के शेजाऱ्यांची नावं जवळचे मित्र म्हणून आली. मध्ये एक घर असलं की प्रमाण 22 टक्क्यांवर, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत जेमतेम 10. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे आपण नंतर शोधतो. आधी जिन्यात गाठ पडावी लागते.

पण गाठ पडते म्हणून फक्त मैत्रीच होते असं नाही. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात मानसशास्त्रज्ञ एबेसन आणि सहकाऱ्यांनी रहिवाशांना न आवडणाऱ्या माणसांबद्दलही विचारलं. नावडती माणसं मित्रांपेक्षाही जवळ राहणारी निघाली! कारण साधं आहे. मित्र दोन इमारती सोडूनही जोडता येतो; गोंगाट आणि पसारा मात्र शेजारूनच येतो.

याच फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. स्वतःला मोजायला ठाम माप नसेल, तर माणूस आपल्यासारख्याच माणसाकडे बघून अंदाज घेतो. संसाराला तर कुठलंच माप नाही. 'घरोघरी मातीच्या चुली' हे आपण ऐकलेलं असतं, पण दुसऱ्याची चूल दिसते कुठे? दिसतो तो पाहुण्यांसाठी आवरलेला दिवाणखाना.

एब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञाने यात एक बारकावा दाखवला. जवळच्या माणसाचं यश आपल्याला एरवी सुखावतं. पण ज्या गोष्टीवर आपला स्वतःचा अभिमान उभा आहे, तिथेच तो पुढे गेला की तेच यश टोचतं. शेजारी उत्तम गातो, तुम्हाला गाण्याशी देणंघेणं नाही, तर तुम्ही चारचौघांत त्याचं कौतुक कराल. तुम्ही स्वतः रियाज करत असाल तर मात्र दार जरा जोरात लागतं. माझ्या मते संसारात हे दुप्पट अवघड होतं, कारण तिथे तुलना आपल्या वतीने जोडीदार करतो, तीही मोठ्याने. चेहरा उतरतो तो इथे.

उलट बाजूही आहे. रिचर्ड स्लॅचर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 60 प्रेमी जोडपी घेतली आणि अनोळखी जोडप्यांची एकमेकांशी गाठ घालून दिली. काहींना मन मोकळं करायला लावणारे प्रश्न दिले, काहींना नुसत्या हवापाण्याच्या गप्पांचे. मन मोकळं केलेल्यांना समोरचं जोडपं जास्त जवळचं वाटलंच, शिवाय स्वतःचा जोडीदारही. रोजच्या माणसाला तिऱ्हाइतासमोर बोलताना ऐकणं ही गंमत वेगळीच. घरात तो ते बोलतच नसतो.

आणि शेजारचं घर मोडलं तर? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम शहरात 1948 पासून चाललेल्या हृदयविकाराच्या अभ्यासात लोकांच्या मित्रांची नोंदही होत गेली. ती माहिती वापरून मॅकडरमॉट, फाउलर आणि क्रिस्टाकिस यांनी 2013 मध्ये दाखवलं, की घटस्फोट मित्रामित्रांत पसरू शकतो आणि त्याचा माग मित्राच्या मित्रापर्यंत लागतो. अर्थात एकसारखी माणसं मुळातच एकत्र येतात, त्यामुळे अशा आकड्यांतून कार्यकारण वेगळं काढणं कठीण असतं. त्यातली एक नोंद मात्र मला चटकन विसरता आली नाही. मुलं असल्यामुळे घटस्फोटाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. पण मित्रांच्या घटस्फोटाचा परिणाम मात्र दर मुलागणिक कमी होत गेला.