कल्याण आयुक्त, भोपाळ वायुपीडित

भोपाळच्या वायुगळतीत मृत, अपंग वा आजारी झालेल्यांच्या दाव्यांची नोंदणी, तपासणी, निवाडा आणि भरपाईचे वाटप यांसाठी केंद्र शासनाने निर्माण केलेले पद व त्याखालील यंत्रणा. १९८४च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीच्या भारतीय उपकंपनीच्या कीटकनाशक कारखान्यातील ई-६१० या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. कारखान्यासमोरचे जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या दाट आणि गरीब वस्त्या सर्वांत आधी वायूच्या तडाख्यात सापडल्या. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग पुढे वायुबाधित ठरवण्यात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार वायूच्या संपर्कात आलेल्यांची संख्या ५ लाख २० हजारांच्या घरात होती. या प्रत्येकाला वेगळे दावेदार मानून वेगळा निवाडा करायचा, असे काम या यंत्रणेच्या अंगावर पडले.

कायद्याचा पाया. भोपाळ वायुगळती आपत्ती (दावे प्रक्रिया) अधिनियम मार्च १९८५ मध्ये संमत झाला. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकन वकील भोपाळच्या गल्ल्यांत फिरून लोकांकडून वकालतनाम्यांवर अंगठे घेऊ लागले होते. या पार्श्वभूमीवर सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार कायद्याने एकट्या केंद्र शासनाकडे दिला. याच कायद्यात कल्याण आयुक्ताची तरतूद आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये दाव्यांच्या नोंदणीची व प्रक्रियेची योजना अधिसूचित झाली. आयुक्तपदी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या दर्जाची व्यक्ती, तिच्या हाताखाली अपिले ऐकणारे अतिरिक्त आयुक्त आणि मूळ दावे चालवणारे उपायुक्त, अशी रचना झाली. वैद्यकीय तपासणी व वर्गवारी मात्र राज्य शासनाच्या दावा संचालनालयाकडे होती. तपासणारा एक आणि निवाडा करणारा दुसरा, ही विभागणी कागदावर निर्दोष दिसते. प्रत्यक्षात संचालनालयाने एकदा मारलेला शिक्का पुढे पुसणे पीडिताला फार जड गेले.

भरपाईची एकूण रक्कम या यंत्रणेने ठरवली नाही. केंद्र शासनाने कंपनीविरुद्ध अमेरिकेत दावा लावला होता; न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मे १९८६ मध्ये खटला भारतात चालवावा असे सांगितले. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम मदतीचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. तीही कंपनीने दिली नाही. अखेर १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ७१५ कोटी रुपयांची तडजोड झाली. न्यायालयाने हिशेबासाठी मृत्यू सुमारे ३ हजार धरले होते. एकही दावा निकाली निघण्याआधी पीडितांची संख्या गृहीत धरून आकडा ठरला. पुढची सारी ओढाताण इथूनच सुरू होते, कारण यंत्रणेला मिळालेला पैसा ठरलेला होता आणि माणसे वाढत होती.

नोंदणी व वर्गवारी. १९९०पर्यंत ६ लाखांवर दावे दाखल झाले होते. अखेरीस हा आकडा १० लाख २९ हजारांच्या पुढे गेला. त्यांपैकी वैद्यकीय तपासणी झालेल्या ३ लाख ५८ हजारांवर दावेदारांची वर्गवारी संचालनालयाने जाहीर केली, ती अशी: सुमारे १ लाख ५५ हजार जणांना ‘इजा नाही’, १ लाख ७३ हजार जणांना ‘तात्पुरती इजा’, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व फक्त ४० जणांना. लाखो माणसे खोकत, धापा टाकत जगत असलेल्या शहरात हा चाळीसचा आकडा आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१च्या निकालात ही वर्गवारी ग्राह्य धरली.

हे आकडे कसे निघाले, याचे उत्तर तपासणीच्या पद्धतीत आहे. प्रत्येक दावेदाराच्या लक्षणांना आणि जवळच्या कागदांना गुण देऊन बेरजेवर वर्ग ठरे. फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, श्रम सोसण्याची चाचणी, क्ष-किरण तपासणी या गोष्टी सर्वांच्या वाट्याला आल्या नाहीत. जुन्या उपचारांचा पुरावा म्हणून केसपेपर लागे. पण त्या रात्री आणि पुढचे काही दिवस हमीदिया रुग्णालयात आणि तंबूंत उपचार घेणाऱ्या हजारोंच्या हाती एक चिठोराही पडला नव्हता. शिवाय वायूमुळे फुफ्फुस, डोळे आणि प्रतिकारशक्ती यांवर होणारे परिणाम वर्षानुवर्षे उलगडत जाणारे होते, आणि वर्गवारी मात्र एका दिवशीच्या तपासणीवर कायमची ठरली. या साऱ्या कारभारातला सर्वांत खोल दोष हाच मानावा लागतो.

अंतरिम मदत. १९९० पासून ३६ प्रभागांतील रहिवाशांना माणशी दरमहा २०० रुपये मिळू लागले. अब्दुल जब्बार यांच्या नेतृत्वाखालील भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेने त्यासाठी रस्त्यावर आणि न्यायालयात दीर्घ लढा दिला होता. या मदतीसाठी आजार सिद्ध करावा लागत नव्हता. त्या प्रभागात राहत होतो एवढे दाखवणे पुरेसे होते. रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव, घरपट्टीची पावती यांवर काम होई. प्रत्यक्ष बाधा न झालेल्या काहींनाही पैसे मिळाले, ही टीका खरी आहे. पण पीडितांच्या हातात ठरलेल्या तारखेला काहीतरी पडले ते याच टप्प्यात. पुढे अंतिम भरपाईतून ही रक्कम वजा करण्यात आली, तेव्हा २५ हजारांचा निवाडा झालेल्या कुटुंबाच्या हाती येणारा आकडा आणखी लहान झाला.

सुनावणी. उपायुक्तांच्या दावा न्यायालयांचे काम १९९२ मध्ये सुरू झाले. प्रथम मृत्यूचे दावे घेतले गेले. नोटीस आली की दावेदाराने सगळे कागद घेऊन हजर राहायचे. जयप्रकाश नगरातून आलेल्या बाईच्या पॉलिथिनच्या पिशवीत रेशनकार्ड, दोन-चार केसपेपर, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि घड्यांवर फाटत आलेला दाव्याचा अर्ज असे. प्रश्न ठरलेले: त्या रात्री कुठे होता, कुठल्या दिशेने पळाला, कोणत्या दवाखान्यात गेला, मृत्यू कधी झाला, शवविच्छेदन झाले का? अनेकांचे शवविच्छेदन झालेलेच नव्हते, कारण त्या दिवसांत मृतदेह सामूहिकपणे पुरले गेले किंवा जाळले गेले होते. रेशनकार्डावर एक नाव, केसपेपरवर दुसरे आणि अर्जावर तिसरे, असे झाले की पुढची तारीख पडे. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेला रोज.

मृत्यू १९८४ नंतर काही वर्षांनी झाला असेल तर तो वायूमुळेच झाला हे सिद्ध करण्याचा भार घरच्यांवर होता. मृत्यूचा म्हणून दाखल झालेल्या हजारो दाव्यांत तसा संबंध मान्य न करता केवळ इजेची भरपाई देण्यात आली. शासनाच्या नोंदीप्रमाणे मृत्यूचे मान्य दावे ५,२९५ आणि कायमच्या अपंगत्वाचे ४,९०२ आहेत. भरपाई मिळालेल्या सुमारे ५ लाख ७४ हजारांपैकी ५ लाख २७ हजारांवर लोक ‘किरकोळ इजा’ या रकान्यात आहेत. मृत्यूसाठी किमान १ लाख रुपये ठरले होते, किरकोळ इजेसाठी बहुतेकांना २५ हजार मिळाले. रक्कम बँक खात्यात जमा होई आणि अल्पवयीन मुलांचा वाटा ठेवीत राही.

अर्ज लिहून देणारे, ‘फाइल पुढे सरकवणारे’, वर्ग बदलून देण्याचे आश्वासन देणारे दलाल या कार्यालयांभोवती वाढले. त्यांना तोंड दिले ते प्रामुख्याने बायकांच्या संघटनांनी. दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी बागेत भरणाऱ्या सभेत अब्दुल जब्बार आणि कार्यकर्त्या कोणाची नोटीस आली, कोणता कागद जोडायचा, अपिलाची मुदत कधी संपते हे समजावून सांगत. ज्या यंत्रणेने आपले नियम पीडितांना त्यांच्या भाषेत सांगायला हवे होते, तिचे हे काम बागेतल्या सभेने केले. जब्बार यांना २०२० मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

शिल्लक रक्कम. तडजोडीचा पैसा डॉलरमध्ये ठेवलेला होता. वाटप लांबत गेले, त्या काळात रुपया घसरत राहिला आणि व्याजही साठले. त्यामुळे मूळ निवाडे देऊन झाल्यावरही सुमारे दीड हजार कोटी रुपये शिल्लक राहिले. हा पैसा पीडितांचाच आहे, ही संघटनांची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००४ मध्ये मान्य केली आणि ज्याला जेवढी मूळ भरपाई मिळाली तेवढीच रक्कम पुन्हा देण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २००४ पासून हे वाटप सुरू झाले. यादी, खाती आणि निवाडे आधीच तयार असल्याने हा टप्पा मूळ वाटपापेक्षा सुकर होता. मात्र २० वर्षांत किती दावेदार वारले होते, हे वारस दाखल्यांच्या रांगांतून दिसले.

जून २०१०मध्ये कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. त्या सौम्य शिक्षेवर उसळलेल्या संतापानंतर पी. चिदंबरम यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाच्या शिफारशीवरून सानुग्रह रक्कम जाहीर झाली: मृत्यूसाठी १० लाख, कायमच्या अपंगत्वासाठी ५ लाख, कर्करोग व मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेल्यांना २ लाख, तात्पुरत्या अपंगत्वासाठी १ लाख, आधी मिळालेले पैसे त्यातून वजा. वाटप पुन्हा कल्याण आयुक्तांकडेच आले. किरकोळ इजेच्या रकान्यातील पाच लाखांवर लोक यातून वगळले गेले. याच रकान्यातील अनेकांना पुढे कर्करोग झाला, अनेकांची मूत्रपिंडे गेली. त्यांना आता नव्याने कागद जमवून आपला आजार दाखवावा लागला.

त्याच वर्षी केंद्र शासनाने वाढीव भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयात उपचारात्मक याचिका (क्युरेटिव्ह पिटिशन, म्हणजे अंतिम निकाल बदलून घेण्याचा शेवटचा मार्ग) दाखल केली. न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १४ मार्च २०२३ रोजी ती फेटाळली. रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये प्रलंबित दाव्यांसाठी वापरावेत, असे त्या निकालात म्हटले आहे. गळतीनंतर जन्मलेली मुले आणि पुढे लक्षणे दिसू शकतील असे लोक, मिळून सुमारे एक लाख जणांचा विमा उतरवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले होते. शासनाने तो उतरवला नाही. २०२३च्या निकालात घटनापीठाने याला घोर निष्काळजीपणा ठरवले आहे.