सांध्यांतल्या स्फटिकांची गणती

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कोणाच्या पायाचा अंगठा सुजला की ‘युरिक अॅसिड तपासून घ्या’ असे सांगणारे शेजारीच भेटतात, आणि लॅबच्या रिपोर्टवर 7 च्या वरचा आकडा दिसला की रोगाचे नावही तिथेच ठरते. मात्र स्फटिकांमुळे होणारे सांध्यांचे विकार एखाद्या लोकसंख्येत किती आहेत, हे असे रिपोर्ट मोजून कळत नाही.

युरिक अॅसिड रक्तात दर डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहते. त्याहून अधिक प्रमाण दीर्घकाळ राहिले तर सांध्यात सोडियम युरेटचे सुईसारखे स्फटिक जमू शकतात. पांढऱ्या पेशींनी त्यांच्यावर हल्ला चढवला की एका रात्रीत सांधा लालबुंद होतो आणि त्यावर पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. हा गाऊट. अमेरिकेतील 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे 20 टक्के प्रौढांच्या रक्तात युरिक अॅसिड वाढलेले होते, पण गाऊट 3.9 टक्क्यांनाच होता. उलट, ऐन दुखण्यात हे प्रमाण काही रुग्णांत चक्क नॉर्मल येते. म्हणजे नुसत्या रक्ताच्या आकड्यावर विसंबले तर निरोगी माणसे गणतीत येतात आणि काही खरे रुग्ण निसटतात.

तो 3.9 चा आकडाही ‘तुम्हाला गाऊट असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तरांवर बेतलेला आहे. हाच प्रश्न आपल्याकडे जसाच्या तसा विचारला तर ‘वात आहे’पासून ‘युरिक अॅसिड आहे’पर्यंत काहीही उत्तर येईल. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1990 च्या दशकात घरोघरी जाऊन दुखणाऱ्यांची विचारपूस आणि नंतर तज्ज्ञांकडून तपासणी अशी पाहणी झाली. तीत गाऊटचे प्रमाण 0.12 टक्के, म्हणजे हजारात जेमतेम एक, इतके निघाले.

2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 48 लाख होती. त्यात ढोबळमानाने 30 लाख प्रौढ धरले, तर भिगवणच्या हिशेबाने 3,600 रुग्ण होतात आणि अमेरिकेच्या हिशेबाने 1 लाख 17 हजार. यातला कुठलाही आकडा उसना घेणे मला पटत नाही. भिगवणची पाहणी तीन दशकांपूर्वीची आहे. वय, वजन, मूत्रपिंडाचे आजार, रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे, दारू आणि साखर यांवर गाऊट अवलंबून असतो, आणि यातले बरेच काही दरम्यान बदलले आहे. (साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि ते यकृतात मोडताना युरिक अॅसिड वाढते, त्यामुळे पथ्य म्हणून तूरडाळ बंद करून कुंद्यासारखी मिठाई चालू ठेवण्यात फारसा अर्थ नाही.)

रुग्णालयातील नोंदींवरून अंदाज बांधणे सीमाभागात विशेष अवघड आहे. बेळगावच्या दवाखान्यांत चंदगडहून माणसे येतात, गोव्याहून येतात, आणि निपाणीकडचे कित्येक जण कोल्हापूरला जातात. रुग्ण मोजता येतील, पण ते किती लोकसंख्येतून आले हे ठरवता येत नाही. भागाकारातला छेदच हाती नसेल तर टक्केवारी कशी काढणार?

दुसरा स्फटिक कॅल्शियम पायरोफॉस्फेटचा. तो बहुधा उतारवयात गुडघ्याच्या किंवा मनगटाच्या कूर्चेत साचतो आणि क्ष-किरण चित्रात बारीक पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे 63 वर्षांवरील सुमारे 8 टक्के लोकांच्या गुडघ्यांत अशा खुणा आढळल्या, पण त्यातील अनेकांना त्रास नसतो. आपल्याकडे म्हातारपणीची गुडघेदुखी ‘झीज’ म्हणून सोडून दिली जाते, तिथे हा विकार नोंदीत येणार कुठून?

खात्रीचे निदान सांध्यातले पाणी सुईने काढून त्याचा थेंब ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर होते. मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकी डॉक्टरांनी 1961 मध्ये गाऊटचे स्फटिक असेच ओळखले. युरेटच्या सुया तिथे लखलखीत चमकतात, पायरोफॉस्फेटचे आखूड, चौकोनी तुकडे मंद दिसतात. अर्थात, हजारो घरांत सुई टोचत फिरणे शक्य नाही. म्हणून इथली पाहणी व्हायची तर ती टप्प्याटप्प्यानेच व्हावी लागेल: आधी गावे निवडून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत ‘अंगठा किंवा घोटा एका रात्रीत सुजून आठ-दहा दिवसांत आपोआप उतरला होता का?’ असे विचारायचे, ‘हो’ म्हणणाऱ्यांना डॉक्टरांनी तपासायचे, साठीपुढच्यांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे घ्यायची आणि सुजलेला सांधा समोर असेल तेव्हाच पाणी काढायचे.