कम्बशन लॅब आणि लेझरने ज्योतीचं मोजमाप

कम्बशन (म्हणजे ज्वलन) लॅब म्हणजे विद्यापीठातल्या मेकॅनिकल नाहीतर एरोस्पेस डिपार्टमेंटची अशी प्रयोगशाळा जिथे ज्योत मोजूनमापून पेटवतात आणि तिच्या आतला वेग, तापमान, कुठला वायू कुठे आहे हे सगळं लेझर आणि कॅमेऱ्याने, तिला हात न लावता बघतात. हात न लावता यासाठी की थर्मोकपलची (तापमान मोजायची) तार आत घातली की प्रवाह तिला वळसा घालून जातो, कधी ज्योतच तिच्यावर टेकून बसते, शिवाय तापलेली तार स्वतःची उष्णता बाहेर फेकत असते म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

जुनी आणि स्वस्त पद्धत श्लीरेन, १८६४ च्या सुमारास जर्मनीत ऑगस्ट टोपलरने बसवलेली. दोन अंतर्गोल आरसे, एक बारीक दिवा आणि फोकसवर उभं धरलेलं दाढीचं ब्लेड, बास. गरम हवेतून जाताना प्रकाश जरासा वाकतो, ब्लेड तो अडवतं, आणि नुसत्या तळहातावरून वर जाणारी गरम हवासुद्धा पडद्यावर दिसते. फक्त आरपार सगळ्या जाडीचं मिळून एकच चित्र येतं, आतला नेमका एक काप मिळत नाही.

तो काप हवा असेल तर पीआयव्ही, म्हणजे कणांच्या फोटोंवरून वेग काढायची पद्धत. एनडी-याग लेझरचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण लेन्समधून पसरवून मिलिमीटरभर जाडीचा पडदा करायचा, हवेत बारीक कण सोडायचे, काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने दोन फोटो घ्यायचे आणि कण किती सरकले त्यावरून वेग काढायचा. साध्या हवेत तेलाचे थेंब चालतात पण ज्योतीत ते जळून जातात, मग टायटॅनियम डायऑक्साइड किंवा ॲल्युमिनाची पावडर वापरावी लागते, आणि खरा वैताग तिथे सुरू होतो. ती ओल धरते, गोळे होतात, म्हणून आधी ओव्हनमध्ये सुकवायची (मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका), आणि चालू केल्यावर थोड्याच वेळात ज्योतीभोवतीच्या पेटीच्या खिडकीच्या काचेवर पांढरा थर बसतो की थांबवा, काच उतरवा, पुसा, परत लावा. लेझरचा भाव सगळे विचारतात, काच पुसण्याचा वेळ कोणी धरत नाही.

वेग कळला तरी रसायन कळत नाही, त्यासाठी पीएलआयएफ, म्हणजे लेझरच्या पडद्याने ठरावीक रेणू चमकवून त्यांचा फोटो घ्यायची पद्धत. हिरव्या लेझरने डाय लेझर (रंगद्रव्याचा, तरंगलांबी बदलता येणारा लेझर) चालवून शेवटी २८३ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश काढतात, ज्योतीतलं ओएच (जळताना तयार होणारा ऑक्सिजन-हायड्रोजनचा तुकडा) तो शोषून ३१० च्या आसपास चमकतं आणि इंटेन्सिफायर (मंद उजेड वाढवणारा भाग) लावलेला कॅमेरा अगदी क्षणभरच उघडून तेवढीच चमक टिपतो, म्हणजे ज्योतीचा स्वतःचा उजेड आत शिरत नाही. साध्या काचेच्या लेन्समधून २८३ चा किरण जात नाही, क्वार्ट्झच लागतो आणि तो महाग. दोन्ही मापं एकदम घ्यायची तर दोन्ही पडदे एकावर एक बसले पाहिजेत. सकाळ त्यातच जाते, ज्योत पेटते दुपारी.

हे लेझर क्लास ४ चे, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातले, आरशावरून उडालेला किरणही डोळा घालवू शकतो. म्हणून घड्याळ-अंगठ्या काढून ठेवायच्या, किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवायचा नाही. गॉगल त्यावर लिहिलेल्या तरंगलांबीपुरताच असतो, हे नवीन पोरं हमखास विसरतात. सिलिंडर बाहेरच्या जाळीत, लाइनवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीतून मागे येऊ न देणारा), आणि लाल बटण दाबलं की गॅस बंद. मिथेनची ज्योत सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटरने सरकते, हायड्रोजनची २ मीटरच्याही वर, त्यामुळे ती उलटी बर्नरमध्ये शिरायला टपलेली असते, वर भर उजेडात दिसतही नाही.

पण लॅबची खरी किंमत लेझरवर नाही, तीच ज्योत पुन्हा तशीच पेटवता येते का यावर ठरते. उत्तम उदाहरण 'फ्लेम डी' नावाची, सगळ्यांनी प्रमाण मानलेली ज्योत. बर्नर सिडनी विद्यापीठाचा, तोंड ७.२ मिलिमीटर, इंधनात एक भाग मिथेन आणि तीन भाग हवा. तापमान आणि वायूंची मापं अमेरिकेच्या सँडिया लॅबने घेतली (ती सरकारी, विद्यापीठाची नाही), वेग जर्मनीत डार्मस्टाट विद्यापीठाने मोजला, आणि तीन खंडांतल्या या कामातून निघालेल्या आकड्यांवर जगभरचे लोक आजही आपले कॉम्प्युटर मॉडेल तपासून बघतात. वायूंच्या त्या मापात रामन विकिरण वापरलंय, १९२८ साली कोलकात्यात सापडलेलं.

आपल्याकडे आयआयटी मद्रासला ज्वलनासाठी वेगळं राष्ट्रीय केंद्रच आहे, बंगळूरच्या आयआयएससीत बायोमास गॅसिफिकेशनवर फार जुनं काम आहे, आणि कानपूर व पवईच्या आयआयटीतही ज्वलनावर संशोधन चालतं.