नवसूचीबद्ध कंपन्यांचे मूल्यमापन
प्राथमिक भागविक्रीनंतर (आयपीओ) शेअर बाजारात नुकतीच दाखल झालेल्या कंपनीचा शेअर मागितलेल्या भावाला घेण्याजोगा आहे का, हे तपासण्याची रीत. जुन्या कंपनीचे तेजी-मंदीतले निकाल समोर असतात. येथे माहितीपत्रक आणि त्यातील साधारण तीन वर्षांचे पुनर्मांडित (एकाच पद्धतीने पुन्हा मांडलेले) हिशेब यांवरच भिस्त ठेवावी लागते.

भारतात ही रीत केव्हापासूनची, याविषयी एकमत नाही. तिची मुळे १८६०च्या दशकातील मुंबईच्या शेअर-वेडापर्यंत नेता येतात. अमेरिकन यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, बॅकबे भराव कंपनीसारख्यांचे शेअर्स भरमसाट चढले आणि १८६५ मध्ये कोसळले. मात्र आजच्या अर्थाने तपासण्याजोगे हिशेब तेव्हा गुंतवणूकदाराच्या हाती नसत. पुढे १९४७च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली विक्रीची किंमत सरकारी नियंत्रकाच्या मंजुरीने ठरे. तो कायदा १९९२ मध्ये रद्द झाला आणि किंमत कंपनी व तिचे मर्चंट बँकर (भागविक्रीची व्यवस्था पाहणारे) ठरवू लागले. त्यामुळे प्रारंभ १९९२ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सर्वाधिक चुका शेअर्सच्या संख्येत होतात. समजा, नफा ४० कोटी रुपये, विक्रीपूर्व शेअर्स ४ कोटी, नवे शेअर्स १ कोटी आणि भाव २४० रुपये. जुन्या संख्येने प्रतिशेअर नफा १० रुपये, म्हणजे पी/ई (भाव भागिले प्रतिशेअर नफा) २४ येतो. विक्रीनंतरच्या ५ कोटींनी भागल्यास नफा ८ रुपये आणि पी/ई ३०. दुसरा आकडाच धरावा. उभारलेल्या रकमेतून १०० कोटींचे १० टक्के व्याजाचे कर्ज फिटणार असेल, तर २५ टक्के कर वजा जाता वाचणारे साडेसात कोटी नफ्यात मिळवता येतात. मग पी/ई सुमारे २५.३ होतो. ऑफर फॉर सेलमध्ये जुने भागधारक आपलाच हिस्सा विकतात. शेअर्स वाढत नाहीत आणि कंपनीला पैसाही मिळत नाही. मे २०२२ मधील आयुर्विमा महामंडळाची विक्री पूर्णपणे अशी होती, सरकारने ३.५ टक्के हिस्सा विकला. विकणाऱ्यांचा सरासरी खरेदीभाव माहितीपत्रकात असतो, तो अवश्य पाहावा.

नफ्याशेजारी कामकाजातून आलेली रोकड ठेवून वाचावी. भागविक्रीआधीच्या वर्षात उलाढाल वाढली, पण येणे रक्कम त्याहून वेगाने फुगली, तर माल उधारीवर वितरकांकडे ढकलला गेल्याची शक्यता असते. तसे असल्यास नोंदणीनंतरच्या एक-दोन तिमाहींत मालाची विक्री मंदावते.

सुरुवातीचा भाव थोड्याच मोकळ्या शेअर्सवर ठरतो, म्हणून लॉक-इनच्या (शेअर्स विकण्यावरील ठरावीक मुदतीच्या बंदीच्या) तारखा टिपून ठेवाव्यात. २०२२ पासूनच्या तरतुदींनुसार अँकर गुंतवणूकदारांचे (विक्री सर्वांना खुली होण्याआधी शेअर्स घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) निम्मे शेअर्स वाटपानंतर ३० दिवसांनी आणि उरलेले ९० दिवसांनी सुटतात. प्रवर्तकेतर (कंपनी उभारणारे व तिचे नियंत्रण असणारे सोडून) जुन्या भागधारकांचे बहुतांश शेअर्स सहा महिन्यांनी. या तारखांना पुरवठा वाढून भाव दबू शकतो. घाई नसलेल्याने निदान ९० दिवस आणि एक तिमाही निकाल जाऊ द्यावा, हेच बरे.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २००७ मध्ये सक्तीचे केलेले १ ते ५ अंकांचे आयपीओ श्रेणीकरण २०१४ मध्ये ऐच्छिक झाले. त्यात विक्रीची किंमत विचारात घेतली जात नसे; गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा मोठाच दोष होता.

लघु व मध्यम उद्योगांच्या स्वतंत्र मंचांवर (२०१२ पासून) निकाल सहामाही देण्याची पद्धत रुळली. तेथे वरील तपासणीला लागणारे आकडेच तुटपुंजे असतात.